नातू हुशार, आजोबा अडाणी?

दीड-दोन वर्षांचं पोर मोबाईलवर बोट फिरवून हवं ते बडबडगीत लावतं आणि घरातली मंडळी कौतुकानं एकमेकांकडे बघतात. ‘आजकालची पोरं पोटातूनच शिकून येतात बाई!’ त्याच घरात आजोबांना व्हॉट्सॲपवर आलेला फोटो सापडत नाही, तेव्हा ‘कितीदा सांगायचं तुम्हाला?’ हे वाक्य ठरलेलं. पुढे तोच नातू नववीत गेला की वारं फिरतं. दिवसभर मोबाईलमध्ये डोकं, पाढे येत नाहीत, दोन ओळी सरळ लिहिता येत नाहीत, एकूण पिढीच वाया गेली. एकाच यंत्रावरून एकाच पोराला आधी बृहस्पती आणि मग मठ्ठ ठरवायला आपल्याला बारा-तेरा वर्षं पुरतात.

हे दोन्ही निकाल चुकीचे आहेत, आणि आजोबांबद्दलचा तिसराही. कुणालाही न शिकवता वापरता यावी अशी वस्तू बनवण्यासाठी हजारो अभियंते आणि रचनाकार वर्षानुवर्षं राबलेत. दोन वर्षांच्या बाळाला ती जमली, तर हुशारी त्यांची. बोट फिरवलं की काहीतरी घडतं एवढंच बाळ शिकलं आहे आणि ते खुळखुळ्यावरूनही शिकलं असतं. उलट बाजूनं, मेनू कुठे दडलाय हे न सापडणं हा सरावाचा अभाव आहे. ज्या बाईनं चाळीस वर्षं घराचा हिशेब एका वहीत चोख ठेवला, तिची समज एखादं चिन्ह न ओळखल्यानं कमी होत नाही. सराव वेगळा आणि समज वेगळी, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा मनाशी पक्कं केलं, की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

आधी ‘पाढे येत नाहीत’ या तक्रारीचं बघू, कारण ती फार जुनी आहे. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. रुपयाचे सोळा आणे, शेर, मण यांच्या व्यवहारात ती रोज लागायची. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि अपूर्णांकाच्या पाढ्यांचं कामच उरलं नाही. औटकी न येणाऱ्या त्या मुलांकडे पाहून वडीलधाऱ्यांनी मान हलवली असणार. त्याच मुलांनी पुढे धरणं बांधली, बँका चालवल्या, आणि आज ती साठी-सत्तरीत नातवंडांकडे पाहून मान हलवताहेत.

या विषयावर मोजमापही झालेलं आहे. न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या जेम्स फ्लिन या अभ्यासकानं १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की अनेक देशांत बुद्ध्यांकाच्या चाचण्यांतले गुण दर दशकाला साधारण तीन अंकांनी वाढत आले आहेत. ही वाढ सगळीकडे सारखी नव्हती. अमूर्त आकृत्यांतलं सूत्र ओळखणं, दोन गोष्टींतलं साम्य सांगणं यांत ती भरपूर होती. अंकगणित, शब्दसंग्रह, सामान्यज्ञान यांत जेमतेम होती. यावरून फ्लिननं आजोबा मंदबुद्धी होते असा निष्कर्ष काढला नाही. त्याचं म्हणणं असं, की जगण्यानं माणसाला विचारायचे प्रश्न बदलले आणि मेंदू त्या प्रश्नांना सरावला. नंतर उलटा प्रवाहही दिसला. नॉर्वेतल्या सैन्यभरतीच्या नोंदींत १९७५ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांपर्यंत गुण चढत गेले आणि त्यानंतर उतरू लागले. २०१८ मध्ये तिथल्या दोन संशोधकांनी सख्ख्या भावांची तुलना केली, तेव्हा चढ आणि उतार दोन्ही एकाच घरातल्या भावाभावांत आढळले. म्हणजे रक्त तेच होतं, भोवतीचं वातावरण बदललं होतं. पालकांच्या दृष्टीनं ही बातमी बरी आहे. वातावरणातला निदान एक तुकडा, म्हणजे आपलं घर, आपल्या हातात असतं.

मुलांना काय येतं हे तपासायचं कसं

‘आमच्या मुलाला मोबाईलमधलं सगळं येतं’ असं म्हणणाऱ्या पालकांनी ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचा २०२३ चा अहवाल जरूर पाहावा. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना त्यात फोन आणायला सांगून, ज्यांना तो आणता आला त्यांना प्रत्यक्ष साधी कामं करायला दिली होती. एका प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर शोधणं त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांना जमलं. ठरावीक वेळेचा गजर लावणं साधारण दोन तृतीयांश मुलांना जमलं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागेल हे गुगल मॅप्सवर पाहणं जमलं ते जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मुलांना. करमणुकीसाठी फोन वापरणारी मुलं मात्र या सगळ्यांपेक्षा जास्त. आणखी दोन गोष्टी त्या अहवालात आहेत. या वयाच्या सुमारे चौथाई मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईनं वाचता येत नाही. आणि ज्यांना वाचता येतं, त्यांना फोनवरची कामंही अधिक जमतात. मला या अहवालातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. डिजिटल कौशल्याचा पाया वाचन आहे. फोन कमी कर म्हणून रोज कटकट करण्यापेक्षा घरात वाचायला काहीतरी येऊ देणं जास्त उपयोगाचं.

तोच अहवाल मुलींबद्दलही बोलतो. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. मुली फोनवरच्या कामांत मागे पडल्या. ‘पोरींना त्यातलं कळत नाही’ हे वाक्य यापुढे कुणी म्हणालं, तर आधी त्या घरात फोन कुणाच्या हातात असतो ते विचारा. सराव मिळू द्यायचा नाही आणि मग समज नाही म्हणायचं, हा अन्याय मुलींवर आणि आज्यांवर सारखाच होतो.

तर घरी एक करून पाहा. शनिवार-रविवारी मुलाला किंवा मुलीला घरातलं एखादं खरं काम द्या. वीजबिल ऑनलाइन काढून गेल्या तीन महिन्यांत युनिट किती वाढले ते सांग. मामाच्या गावी शेवटची एसटी किती वाजता सुटते ते शोध आणि माहिती खरी आहे हे स्थानकावर फोन करून खात्री कर. महाविद्यालयाच्या कार्यालयाला रीतसर मेल लिही, विषयाच्या ओळीसकट. मुलाची गाडी कुठे अडते ते शांतपणे बघा. बहुतेक वेळा ती बटणापाशी अडत नाही. काय शोधायचं ते नेमक्या शब्दांत मांडता येत नाही, आलेल्या दहा उत्तरांतलं कुठलं विश्वासाचं हे ठरवता येत नाही, अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची भीड वाटते. इथे मोठ्या माणसांकडे शिकवण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यासाठी त्यांना फोनमधलं काहीही यावं लागत नाही.

माहितीचा खरेखोटेपणा ओळखण्याची एक युक्ती मात्र लहानथोर सगळ्यांनीच शिकावी. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक अशा तिघांना काही संकेतस्थळं दाखवली. प्राध्यापक आणि विद्यार्थी, दोघांतलेही बरेचजण फसले. ते त्याच पानावर खिळून राहिले, मांडणी कशी आहे, भाषा किती भारदस्त आहे, बोधचिन्ह आहे का हे पाहत बसले. व्यावसायिकांनी वाचन अर्धवट सोडलं, नवी खिडकी उघडली आणि ही संस्था नेमकी कुणाची, इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते शोधलं. त्यांना काही मिनिटांत छडा लागला. वय किंवा पदवी इथे उपयोगी पडली नाही, सवय पडली. आजी एखाद्या अनोळखी घरचं स्थळ आलं की त्या घराविषयी त्या घरातल्यांना विचारत नाही, गावात चार ठिकाणी चौकशी करते. व्हॉट्सॲपवर ‘कॅन्सरवर रामबाण उपाय’ आला की तीच चौकशीची पद्धत वापरायची, हे नातीनं आजीला एकदा सांगितलं तर आजीला ते लगेच पटेल.

चॅटजीपीटीसारख्या साधनांनी या प्रश्नाला नवी धार आली आहे. निबंध, प्रकल्प, अगदी वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा त्याच्याकडून लिहून घेतल्या जातात. बंदी घालण्याच्या भानगडीत पडू नका, ती पाळली जात नाही आणि लपवाछपवी वाढते. क्रम मात्र ठरवून द्या. आधी स्वतःचा कच्चा खर्डा, भले चार वाकड्या ओळी असोत, आणि मग यंत्राची मदत. शेवटी वही मिटून तोच विषय घरातल्या कुणाला तरी तोंडी समजावून सांगायचा. तोंडी सांगता आलं तर मुलगा शिकला. नाही आलं तर यंत्र शिकलं म्हणायचं. शिवाय ही साधनं अस्तित्वात नसलेली पुस्तकं, न घडलेले प्रसंग आणि चुकीची सालं अत्यंत आत्मविश्वासानं सांगतात. उत्तरातलं एक नाव आणि एक साल दरवेळी दुसरीकडे पडताळायचं, एवढा नियम दहावीच्या मुलालाही झेपतो.

आजी-आजोबांना शिकवताना

आता तरुण वाचकांसाठी, कारण घरातलं हे खातं तुमच्याकडे असतं.

वेगवेगळ्या मानसिक क्षमता वेगवेगळ्या वयात शिखराला पोहोचतात. जोशुआ हार्टशॉर्न आणि लॉरा जर्मिन यांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांवरून मांडलेलं चित्र असं: माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याचा वेग अठरा-एकोणीस वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतो, तात्पुरत्या स्मरणाची क्षमता पंचविशीच्या आसपास, आणि शब्दसंपत्ती थेट साठीच्या अखेरीस किंवा सत्तरीच्या सुरुवातीला. तुम्ही ‘इथे दाब, मग वर, मग ते तीन टिंब, झालं’ असं जे सांगता, ते तुमच्या वेगानं सांगता. आजोबांना ते समजत नाही असं नाही, ते वाटेत गळून पडतं. वेग उतरवा, शब्द वाढवा.

आणि फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. सगळ्यात अवघड सूचना हीच आहे. आपण ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणतो, दहा सेकंदांत काम उरकतो आणि आजोबा जिथे होते तिथेच राहतात. हात मागे बांधून बसा हवं तर, पण बोट त्यांचंच चालू द्या. एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि ती त्यांना स्वतःला हवी असलेली घ्या. ज्या निवृत्त शिक्षकाला दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे पडतात, त्याला जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून दाखला कसा काढायचा ते शिकवा. भजनाची आवड असलेल्या आजीला यूट्यूबवर मराठीत बोलून शोधायला शिकवा. टाइप करण्यापेक्षा बोलून शोधणं त्यांना पटकन जमतं. गरज नसलेल्या सुविधांची सहल घडवू नका.

पायऱ्या लिहून ठेवायला त्यांना वही द्या आणि त्यांच्याच शब्दांत लिहू द्या. कुणी ‘हिरव्या फोनचं चित्र’ लिहील, कुणी ‘कागदी विमान’. ते चालेल. अक्षरांचा आकार मोठा करून द्या, फोनची भाषा मराठी हवी की इंग्रजी ते त्यांना विचारून ठरवा. अनेकांना बँकेतले इंग्रजी शब्दच ओळखीचे असतात आणि तिथलं शुद्ध मराठी भाषांतर अनोळखी वाटतं. पैसे पाठवायला शिकवताना तुमच्याच खात्यावर एक रुपया पाठवायला लावा, चुकला तर घरातच राहतो. यूपीआयला मोठ्या शिलकेचं खातं न जोडता वेगळं, थोड्या पैशांचं खातं जोडलं तर भीती निम्मी होते.

‘आता या वयात कुठे’ असं आजोबा म्हणाले तर त्यांना एमएस-सीआयटी या संगणकाच्या परीक्षेची आठवण करून द्या. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांना ती परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा चाळिशी ओलांडलेले तलाठी, लिपिक, शिक्षक पोरासोरांच्या शेजारी बसून माऊस धरायला शिकले आणि उत्तीर्ण झाले. कदाचित तुमचे आजोबाही त्यांत असतील.

फसवणुकीबद्दल बोलायचं, पण हसायचं नाही

अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीच्या काळातला एक अभ्यास सांगतो, की बहुसंख्य लोकांनी फेसबुकवर खोट्या बातम्या पुढे पाठवल्याच नव्हत्या. पण पासष्टीपुढच्या लोकांनी पाठवलेल्या अशा बातम्यांची सरासरी संख्या सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट होती. हे वाचून तरुण वाचकाला बरं वाटलं असेल, तर त्यानं आपल्या मित्रांत जरा चौकशी करावी. घरबसल्या व्हिडिओला लाइक करून पैसे मिळवण्याच्या आमिषाला, झटपट कर्ज देणाऱ्या ॲपला आणि जुगारी खेळांना बळी पडून पैसे घालवणारे बरेचजण विशी-तिशीतलेच असतात. फसवणारे माणसाचं वय पाहून सापळा निवडतात. तरुणाला लोभ आणि घाई दाखवायची, म्हाताऱ्याला भीती आणि सरकारी अधिकार.

‘डिजिटल अटक’ हा असाच दुसऱ्या जातीचा सापळा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, पाठीमागे पोलीस ठाण्याचा देखावा, तुमच्या नावानं अमली पदार्थांचं पार्सल सापडल्याचा आरोप, आणि कॅमेऱ्यासमोरून हलू नका असा दम. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक असे शिकलेसवरलेले लोक यात लाखो रुपये घालवून बसलेत. त्यांची बुद्धी कमी पडली नाही. आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसाला कायद्याची भीती जास्त वाटते, आणि त्या भीतीचाच वापर झाला. म्हणून घरात साध्या भाषेत सांगून ठेवा: भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नावाचा प्रकारच नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही, तो पैसे जाताना लागतो. कुणाचाही फोन मध्येच कापला तर तो उद्धटपणा होत नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगा, कारण जुन्या पिढीला बोलणाऱ्याचं वाक्य तोडायला जड जातं.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. आणि नेमके हेच तास घरच्यांच्या टोमण्यांच्या भीतीनं वाया जातात. ज्या घरात आजीला व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवरून रोज हसतात, त्या घरात आजी फसल्याचं तिसऱ्या दिवशी सांगते. मुलाचंही तसंच. कर्जाच्या ॲपनं छळ मांडलाय हे तो बापाच्या हाताच्या भीतीनं लपवतो. ‘काहीही झालं तरी आधी सांग, ओरडणार नाही’ हे बोलून दाखवावं लागतं आणि वेळ आल्यावर पाळावंही लागतं.

दोघांनी मिळून करायची कामं

शेती असलेल्या घरांत याचं एक चांगलं उदाहरण तयारच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सात-बारावरची पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः ॲपवरून करायची झाली. नातू फोन घेऊन बांधावर जातो आणि पहिल्याच पानावर अडकतो. गट नंबर कोणता? हे क्षेत्र कायम पड की चालू पड? तुरीत सोयाबीन आहे, मग मिश्र पिकाची नोंद कशी? विहीर लिहायची की बोअर? बांधावरची आंब्याची झाडं आपली की चुलत्यांची? ॲप चालवायला नातवाला दोन मिनिटं लागतात, भरायची माहिती आजोबांनी पन्नास वर्षांत जमवलेली असते. घाईत चुकीचं पीक नोंदलं तर पुढे नुकसानभरपाई आणि विम्याच्या वेळी भांडत बसावं लागतं. म्हणून प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचायचा, आजोबांनी हो म्हटल्यावरच पुढे जायचं.

शहरी घरात हेच काम आरोग्य विम्याचा अर्ज किंवा सोसायटीची कागदपत्रं करतात. अटी वाचायचं काम नातीचं, ‘जुने आजार’ या रकान्यात काय काय लिहायचं हे आठवायचं काम आजोबांचं.

शेवटी एक तपासणी राहते, आणि ती बहुतेक घरांत करायची राहूनच गेलेली असते. आधार, बँक, गॅस, निवृत्तिवेतन या सगळ्याला आजोबांचा म्हणून जो मोबाईल क्रमांक दिला आहे, तो खरोखर कुणाचा आहे? कधीतरी ‘माझाच नंबर टाकतो, सोपं पडेल’ म्हणून नातवाचा किंवा मुलाचा क्रमांक दिलेला असतो. मग नातू नोकरीला पुण्याला जातो, आजोबा तालुक्याच्या बँकेत खिडकीपाशी उभे असतात, ओटीपी पुण्यात एका मीटिंगमध्ये वाजतो आणि नातू फोन उचलत नाही. आजोबा अडाणी ठरण्याच्या निम्म्या प्रसंगांचं मूळ या एका रकान्यात असतं. आधारवरचा क्रमांक आधार केंद्रात जाऊन बदलून घेता येतो. त्यामुळे पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आधी आजोबांच्या नावानं त्यांचं स्वतःचं सिमकार्ड आहे का ते पाहा, मग आधार केंद्र, आणि तिथून बँक. पासबुक आणि आधारची प्रत सोबत घ्या, आणि सकाळी लवकर निघा. दुपारनंतर सर्व्हर डाऊन असतो.